तेराव्याआधीची खाट

परोपकार करणाऱ्या माणसाची दृष्टी बहुधा समोरच्या दुःखावर खिळलेली असते. जे दुःख डोळ्यांदेखत रडते, त्याच्याशी तो मृदूपणे वागतो; आणि जे कुठेतरी दाराआड, न रडता, त्याचीच वाट पाहत पडलेले असते, त्याच्याशी आपण कठोर झालो हे त्याला पुष्कळदा कळतही नाही. हा अंतःकरणाचा दोष म्हणता येणार नाही. दयेलाही व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था आपणांस कुणी शिकवलेली नसते. रेवदंड्याच्या कृष्णाजी घरतांना ती आयुष्याच्या उतारावर, एका दिवसात शिकावी लागली.

"भाऊ, एकच सांगा. खाट हाय का न्हाय?"

थेरोंड्याचा अल्पेश रुग्णसाहित्य केंद्राच्या उंबऱ्याशी उभा होता. पायांत चपला नव्हत्या, डोळे तांबारलेले होते.

"हाय," कृष्णाजी म्हणाले. "पन आता न्हाय मिळायची. तेरावं होऊ दे."

"तेरावं कुनाचं?"

"नामा तांडेलाचं. तुझ्या आईला डोक्याकडनं वर होणारी खाट पायजे ना? ती एकच हाय, ती नामाच्या घरी हाय. दुसऱ्या दोन साध्या, त्याही गावात गेल्यात."

"नामाकाका गेले ना पन?"

"गेला म्हनूनच. सुतक सुरू हाय त्यांच्यात. तेराव्यानंतर ये, मी सोता आनून देतो."

अल्पेश उंबऱ्यापासून मागे सरला. मग "बरं भाऊ" एवढे बोलून तो निघून गेला. त्याच्या स्वरात राग नव्हता. कृष्णाजींवर रागावणारे माणूस त्या पंचक्रोशीत बहुधा नसावे.

रेवदंड्याच्या बाजारपेठेत, एकेकाळी बर्फ साठवत त्या जाड भिंतींच्या खोलीत, कृष्णाजी हे रुग्णसाहित्याचे केंद्र चालवीत. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पाण्याच्या गाद्या, खाटा असे जे जे आजाऱ्याला लागते आणि गरिबाला विकत घेणे परवडत नाही, ते तेथून लोक नेत आणि काम झाले की परत करीत. कृष्णाजींची सारी नोकरी मच्छीमारांच्या सोसायटीत भांडारपाल म्हणून गेली. डिझेल, बर्फ, जाळ्यांचे दोर देणे आणि घेणे यांतच त्यांचे केस पिकले. निवृत्त झाल्यावर दुसरे काही येत नव्हते म्हणून, ते स्वतः म्हणत, त्यांनी तेच काम आजाऱ्यांसाठी सुरू केले.

त्या केंद्राचा एक नियम होता आणि तो कृष्णाजींना प्राणाइतका प्रिय होता. आजारी माणूस गेले तर तेराव्या दिवसापर्यंत त्या घरी वस्तू परत मागायची नाही. तेरावे झाले की कृष्णाजी स्वतः जात, चहा घेत, खाटेचे नट सैल करीत आणि ती घेऊन येत.

या नियमामागे एक जुनी जखम होती. त्यांचे वडील गेले तेव्हा भाड्याने आणलेली खाट न्यायला माणसे त्याच संध्याकाळी दाराशी आली होती. स्मशानातून परतलेल्यांचे पाय अजून ओले होते. माणसांनी गादी उलटी केली आणि खाटेच्या कडेला बसलेल्या आईला म्हटले, "बाई, जरा सरका." आई सरकली. पुढे कित्येक वर्षे, खाट जिथे होती त्या भिंतीकडे ती पाठ करून बसत असे. आपल्या हातून असे कुणाच्या घरी होऊ नये, हा कृष्णाजींनी मनाशी केलेला संकल्प होता, आणि तो त्यांनी आजवर अखंड पाळला होता.

खोलीच्या कोपऱ्यात लाकडी बाकावर एक बाई बसली होती. तिचे नाव भक्ती. माहेर पालीचे, राहणे अलिबागेत. भाताच्या गिरण्या, बर्फाचे कारखाने, बचत गटांचे पापड, पर्यटकांना उतरायला खोल्या देणारी घरे, गावोगावचे लहानमोठे न्यास, ज्यांना आपला कारभार नीट चालवावा असे वाटते त्यांच्याकडे ती जाई आणि सल्ला देई. केंद्राला देणगी देऊ इच्छिणाऱ्या एका संस्थेने तिला पाठवले होते. सकाळपासून ती एक शब्द न बोलता पाहत बसली होती.

"काका," ती आता म्हणाली, "त्यांना परत का पाठवलंत?"

"परत कुठं पाठवलं? तेराव्यानंतर ये म्हटलं."

"पण त्या खाटेवर आत्ता कुणी नाही."

देवळात चप्पल घालून आलेल्याकडे पाहावे तसे कृष्णाजींनी तिच्याकडे पाहिले. "ताई, तुमी शिकलेल्या. पन आपल्याकडं मेलेल्या मानसाची खाट अशी ओढून न्हाय आनत."

"मी ओढा म्हणत नाही. मला एकच विचारायचंय. ज्यांना वस्तू मिळाली त्यांची घरं तुम्हाला तोंडपाठ आहेत. ज्यांना मिळाली नाही, ते कुठं गेले?"

"कुठं जानार? घरी गेले."

"आणि मग?"

कृष्णाजींनी भिंतीला टेकलेल्या कुबड्या उगाच सरळ केल्या.

"दुकानदारालाही मी हेच विचारते," भक्ती म्हणाली. तिचा आवाज उंच नव्हता. "माल घेऊन गेलेलं गिऱ्हाईक त्याला दिसतं. रिकाम्या हातानं गेलेलं दिसत नाही. दुकान बुडतं ते त्या न दिसणाऱ्यामुळे. तुमचं केंद्र तसं बुडायचं नाही, लोक तुम्हाला फार मानतात. पण बुडणारं दुसरंच कुणी असेल तर?"

"म्हंजे एक खाट वाढवून द्यायला सांगा तुमच्या संस्थेला. मिटलं."

"सांगेन. ती यायला वेळ लागेल, आणि आली तरी तेराव्यापर्यंत तीही कुणाच्या तरी घरी रिकामी राहील. चला काका, त्या आजींना बघून येऊ. मी कागद बघून सल्ला देत नाही. वस्तू जिथं पोहोचत नाही तिथं जाऊन बघते."

दोघे नाक्यावर आले. रिक्षांच्या रांगेत पहिली रिक्षा हिरामणची होती. कृष्णाजींना पाहताच तो गडबडीने खाली उतरला आणि आपल्या खांद्यावरच्या रुमालाने मागची गादी पुसली.

"बसा भाऊ! लय दिसानं. ताई पावन्या का?"

"अलिबागच्या. आपलं केंद्र बघाया आल्यात."

"बघा, बघा," हिरामण रिक्षा सुरू करत आरशातून म्हणाला. "असा मानूस न्हाय गावायचा ताई. आमच्या बापासाठी खाट मागाया गेलतो पावसाळ्यात. खाट न्हवती बिचाऱ्यांकडं, तर भाऊ मलाच धीर देत बसले."

नारळीच्या वाड्यांमधून रस्ता थेरोंड्याकडे वळला. दोन्ही बाजूंना बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांचा खारा वास वाऱ्याबरोबर येत होता. भक्ती बाहेर पाहत होती. तिने हिरामणला काहीही विचारले नाही. तिने विचारले असते तर कदाचित कृष्णाजी गप्प राहिले असते.

"हिरामण," ते म्हणाले, "तवा खाट व्हती रे."

"काय म्हनलाव?"

"तुझ्या बापाच्या येळेला. खाट व्हती. बाजारात एका घरी मानूस गेलं व्हतं, तेरावं व्हायचं व्हतं. म्हनून मी आनली न्हाय. तिच्यावर कुनी न्हवतं. नुसती चादर घालून ठेवली व्हती."

रिक्षा थांबली नाही, केवळ मंदावली. समोरून येणाऱ्या मुलींच्या सायकली जाऊ देण्यासाठी हिरामण कडेला सरकला आणि त्या गेल्यावरही तसाच कडेकडेने चालवत राहिला.

"पाठ सोलली व्हती त्याची," तो म्हणाला. "जमिनीवर पडून पडून. कुशीवर करायला गेलं की वरडायचा. आईला म्हनायचा, त्या किस्नाभाऊंना इचारा आली का खाट. मी म्हनायचो, आरं नसंल त्यांच्याकडं तर ते काय करनार."

"तेराव्याच्या दुसऱ्या दिशी मी घेऊन आलतो," कृष्णाजी म्हणाले.

"आलताव. आमी नेऊन आलेलो त्याला तवा."

 मग हिरामणने मान हलवली, जणू एखाद्या कठीण हिशेबातून तो आपला आपणच बाहेर पडला.

"बरं झालं भाऊ, तवा ठावं न्हवतं मला. तुमाला काय बी बोललो असतो." आणि थेरोंड्याच्या पाराशी रिक्षा उभी करत, मागे न पाहता, "मी थांबतो हितंच. खाट आनायची झाली तर माझ्या भावाचा टेम्पो हाय. सांगा."

कृष्णाजी उतरून अल्पेशच्या घराकडे चालू लागले.

अल्पेशची आई चंदाबाई मासळी विकण्यासाठी उभा जन्म बाजारात बसलेली. आता तिचे काळीज थकले होते आणि छातीत पाणी साठत होते. पाठ टेकली की श्वास कोंडे. म्हणून अल्पेशने मासळीची मोठी पाटी भिंतीशी उलटी ठेवली होती, तिच्यावर गोधड्या रचल्या होत्या आणि त्यांना टेकवून आईला बसवले होते. ती तशीच दिवस काढी, आणि रात्रही. डुलकी लागली की गोधड्या घसरत, मान कलंडे आणि ती दचकून श्वासासाठी धडपडत उठे.

"आला का भांडारवाला," कृष्णाजींना पाहून ती म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला थांबावे लागत होते. तरी तोंडाची धार तशीच होती. "सोसायटीत बर्फ देताना पन... असाच येल लावायचास. आमचे मासे... नासायचे. आता मी... नासते बग."

"आये, गप बस ना," अल्पेश म्हणाला.

"गप बसू? मंग येवडी... बसलीच हाय की. निजू देतंय कोन?"

भक्ती तिच्याजवळ मातीच्या जमिनीवर बसली आणि घसरलेली गोधडी तिने मागे सरकवली. चंदाबाईने तिचा हात धरून ठेवला. कृष्णाजी उभेच होते. त्यांची नजर त्या उलट्या पाटीवरून हलत नव्हती.

"चंदाबाई," अखेर ते म्हणाले, "खाट सुतकाच्या घरात हाय. नामाच्या. तेरावं व्हायचं हाय. तुमच्या घरात चालंल का तशी आनलेली?"

चंदाबाई हसली. हसणे खोकल्यात गेले, अल्पेशने पाठ चोळली, आणि श्वास परतल्यावर ती म्हणाली, "आरं किस्ना, मी मेल्याव... पाळ सुतक. तेरा का चौदा... पायजे तितकं पाळ. आता मना खाट आन."

बाहेर आल्यावर दोघे पाराच्या कट्ट्यावर टेकले. हिरामण दूर रिक्षात बसला होता. भक्तीने पाण्याची बाटली पुढे केली. कृष्णाजींनी घेतली, पण प्यायले नाहीत.

"नियम बदलायचा म्हंजे काय करायचं?" त्यांनी विचारले. "मानूस गेल्याची खबर आली की टेम्पो धाडायचा?"

"नाही. मागायची वेळच येऊ नये असं करायचं. खाट देतानाच सांगायचं, गरज सरली की आम्हाला कळवा, दुसरं कुणीतरी वाट बघत असेल. एवढंच वाक्य. मरणाचं नाव घ्यायचं नाही. मग ते घर आपणहून कळवतं. आणि वाट बघणाऱ्याचं नाव, गाव तुमच्याजवळ हवं, म्हणजे दोन्ही घरं एकाच वेळी तुमच्या डोळ्यांसमोर राहतील."

"आन मी तेराव्याला जातो ते?"

"जा ना. खाट आणणं हे एक काम आणि समाचाराला जाऊन बसणं हे दुसरं काम. तुम्ही दोन्ही एकत्र बांधलीत, काका. पहिल्याला उशीर चालत नाही. दुसऱ्याला घाई चालत नाही."

सल्ला अचूक होता. कृष्णाजींनाही तो पटला. त्यांची मान नकळत हलली. परंतु मग ते जे बोलले ते व्यवस्थेच्या कोणत्याही शास्त्रात बसणारे नव्हते.

"खाट न्यायची नसली तर मी जाऊ कशाला त्या घरी? जाऊन बोलू काय? मला ते येत न्हाय, ताई. लोक बोलतात, देवाची मर्जी, सुटला बिचारा. मला न्हाय तसं सुचत. नट खोलता खोलता मानूस काय बी बोलतं, मी ऐकतो. हातात पाना असला की बसवतं मला. नुसतं... नुसतं न्हाय बसवत."

भक्तीने त्यांच्या हातातली बाटली परत घेतली. "याला माझ्याकडे सल्ला नाही, काका," ती म्हणाली. आणि तिचे ते बोलणे प्रामाणिक होते.

ऊन कलते झाले तेव्हा ते, हिरामणने चालवत आणलेल्या त्याच्या भावाच्या टेम्पोतून, रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नामाच्या दाराशी आले. नामा तांडेल कृष्णाजींचा तरुणपणापासूनचा मित्र. त्याच्या होडीला पहाटे बर्फ देताना दोघांची विडी एका काडीवर पेटत असे. शेवटचे कित्येक महिने नामालाही पाठ टेकता येत नव्हती. ती खाट कृष्णाजींनीच आणून लावली होती, आणि त्या रात्री नामा फार दिवसांनी झोपला होता.

ओसरीवर नामाचा धाकटा भाऊ गणराज बसला होता. आलेल्यांना पाहून तो उठला, पण टेम्पोचा आवाज ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"टेम्पो कशाला, भाऊ?"

कृष्णाजींनी वाटेत जुळवलेले वाक्य अर्धेच बाहेर पडले. "खाट... न्यायची व्हती."

"आज?" गणराजचा आवाज चढला. "दिवा इझला न्हाय अजून घरातला! तुमीच गावभर सांगत फिरायचाव ना, तेराव्याआधी हात न्हाय लावनार? मंग माझ्याच भावाच्या येळंला बरा मोडलाव नेम. मोठा दोस्त म्हनं!"

भक्ती बोलण्यासाठी पुढे झाली. कृष्णाजींनी हात आडवा केला.

"नेम चुकला व्हता माझा, गणराज," ते म्हणाले. "आज कळलं. हिरामणचा बाप भुईवर गेला पावसाळ्यात, पाठ सोलून. तवा खाट एका घरात रिकामी व्हती आन मी सुतक मोजत बसलेलो. मी मानूस चांगला म्हनून कुनी मला इचारलं न्हाय. आता थेरोंड्याला एक बाय बसून हाय. मला दुसरी चूक करवत न्हाय."

"मंग करा दुसरीकडं कुठं बरोबर," गणराज म्हणाला, पण आता त्याचा स्वर उतरला होता.

"आत या भाऊ." दारातून आवाज आला. नामाची बायको सगुणाबाई उभी होती. कपाळ रिकामे, अंगावर साधे पांढुरके लुगडे. "आन तू गप रे. वाटंवर वरडतोस काय."

आत खोलीत खाट भिंतीशी होती. तिच्या शेजारी, नामाने देह ठेवला त्या जागी, पिठाच्या रेघेत दिवा तेवत होता. खाटेची डोक्याकडची बाजू वर उचललेलीच होती, नामा असताना असे तितकीच. आणि उशीला खळगा होता. कृष्णाजींनी तो पाहिला आणि चटकन नजर वळवली.

"मी निजते तिथं," सगुणाबाई म्हणाली. लपवण्यासारखे तिला काही वाटत नव्हते. "सपाट केली न्हाय. तशीच टेकते. सपाट केली की... म्हनून न्हाय केली."

 ओसरीवर गणराज उगाच खाकरला.

"कोन हाय थेरोंड्याला?" तिने विचारले.

"अल्पेशची आई. चंदाबाई."

"चंदी?" सगुणाबाईच्या चेहऱ्यावर त्या दुःखातही काहीतरी हलले. "माझ्या शेजारी पाटी लावायची बाजारात. माझी गिऱ्हाईकं ओढायची सवत! एक डाव झिंज्या धरल्या व्हत्या आमी." मग हळूच, "काय झालं तिला?"

"छातीत पानी."

"मंग झोपते कशी?"

कृष्णाजींनी खाली पाहिले. "उलट्या पाटीला टेकून. बसूनच."

सगुणाबाई दिव्याकडे पाहत राहिली. खाट येण्याआधी नामानेही कैक रात्री होडीच्या एका फळीला पाठ लावून याच खोलीत काढल्या होत्या, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून ती समोर बसून राहिली होती. ते तिला आठवले असेल का, हे आपण कसे सांगावे? तिने पदर खोचला, उशी उचलून कोनाड्यात ठेवली, चादरीची घडी केली. मग खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसून तिने खालचा दांडा बाहेर ओढला.

"मी करतो वहिनी," कृष्णाजी पुढे झाले.

"नको. माझा हात हाय त्याला."

ती दांडा फिरवू लागली. डोक्याकडची बाजू बोटाबोटाने खाली येऊ लागली. अर्ध्यावर ती थांबली, उठली, गादीवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली, कुणी अस्वस्थ तर नाही ना हे पाहावे तशी. मग पुन्हा बसली आणि फिरवत राहिली. लोखंडाचा बारीक कुरकुरता आवाज तेवढा खोलीत होता. खाट पूर्ण सपाट झाली तेव्हा दांडा आपोआप अडला. तिने तो आत ढकलला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

गणराज केव्हा आत आला कुणाला कळले नाही. त्याने खाटेची एक बाजू धरली. खाट न खोलताच टेम्पोत मावणार होती; हिरामणने दुसरी बाजू धरली. दारातून नेताना सगुणाबाईने भक्तीला हाक मारली.

"अगो बाय, त्यांना सांग, दांडा हलू हलू फिरवा म्हनावं. घाईनं उचललं की जीव घाबरतो. आन आधी थोडं, मंग थांबायचं. तिला इचारायचं, बरं हाय का. मंग पुढं."

"सांगते," भक्ती म्हणाली.  ती वाकली, सगुणाबाईच्या पायांना तिने हात लावला आणि टेम्पोत जाऊन बसली. गणराजही खाट उतरवायला म्हणून मागे चढला.

टेम्पो कोळीवाड्याच्या वळणावरून दिसेनासा झाला. कृष्णाजी दाराशी उभे होते. न्यायची वस्तू निघून गेली होती. हातात पाना नव्हता, सैल करायला नट नव्हते, आणि तेथे थांबण्याला जगाला सांगण्यासारखे कोणतेही कारण उरले नव्हते. त्यांनी चपलेकडे पाहिले. मग ते आत वळले.

खोली अकस्मात मोठी झाल्यासारखी दिसत होती. खाटेच्या चार पायांनी जमिनीवर चार खुणा ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी दिवा आता अगदी उघड्यावर तेवत होता. सगुणाबाईने चटई आणून त्या चार खुणांच्या मध्ये पसरली, हाताने तिच्या वळ्या मोडल्या, आणि भिंतीशी एक पाट सरकवला.

"बसा भाऊ."

कृष्णाजी बसले. त्यांना काही सुचले नाही, आणि सुचावे म्हणून त्यांनी धडपडही केली नाही. रिकामे हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. सगुणाबाई कधी बोलली, कधी पुष्कळ वेळ बोलली नाही. नामा कसा चिडायचा ते तिने सांगितले, आणि शेवटच्या पहाटे त्याने भाकरी मागितली होती तेही. बाहेर खाडीच्या मुखातून होड्या परतू लागल्या होत्या. त्यांच्या इंजिनांचा आवाज घरात येत होता. दिव्यात तेल घालून ती पुन्हा चटईवर बसली.

"पोचली आसंल ना एव्हाना?" तिने विचारले.

"पोचली आसंल."

"झोप लागू दे बाय तिला," सगुणाबाई म्हणाली.

तसेच होवो. थेरोंड्याच्या त्या घरी आजची रात्र श्वासाला हलकी जावो. आणि येथे, चटईवर, जी एकटी जागी राहील, तिच्याही डोळ्यांना तीच झोप यथाकाल लाभो.